विस्तवाशिवायचा पाक

मे महिना अर्धा सरला की वेंगुर्ल्याच्या बाजूच्या आमच्या गावच्या घरी खळ्यात माणसांआधी बरण्या येतात. आठच्या सुमाराला माडांच्या सावल्या मागे सरकतात, सारवलेली जमीन तापू लागते आणि काकी एकेक बरणी दोन्ही हातांनी पोटाशी धरून बाहेर आणते. पाच काचेच्या. तोंडाला धुवट पंचाचं फडकं, त्यावर सुतळीचे दोन वेढे. काल भरलेल्या बरणीत साखर अजून पांढरी दिसते, फक्त काचेच्या कडेला गुलाबी झाक आहे. तीन दिवसांच्या बरणीत रस निम्म्यापर्यंत चढलेला. आठवडा झालेल्या बरणीतून मात्र ऊन आरपार जातच नाही. ती जरा तिरकी केली तर काचेलगत एक पातळ लाल रेघ उजळते आणि परत आत बुडते.

या बरण्यांत पाण्याचा थेंब घातलेला नाही, आणि त्यांतलं काहीही चुलीवर चढलेलं नाही. रातांब्याची साल, साखर आणि ऊन, एवढ्यावर अमृत कोकम तयार होतं. फळांची सरबतं आणि पाक मी बरेच केले: लिंबाचा, आवळ्याचा, करवंदांचा, कैरीचं पन्हं तर दर उन्हाळ्यात. पण या एका प्रकारात माणूस जितकं कमी करतो तितका पदार्थ चांगला होतो, आणि तो का होतो हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

आधी नावांचा उलगडा करायला हवा, कारण घाटावरच्या वाचकाची इथे गल्लत होते. झाडावरचं लालभडक, लिंबाएवढं फळ म्हणजे रातांबा. दक्षिणेकडे सरकत गोव्यात शिरलं की तेच भिरंड. त्याची वाळवलेली साल म्हणजे सोल किंवा कोकम, आणि देशावर गेलं की आमसूल. सालीत मीठ घालून काढलेला रस म्हणजे आगळ. साखर घालून काढलेला तो अमृत कोकम. आगळात नारळाचं दूध पडलं की सोलकढी. नारळ न घालता नुसतं पाणी, मीठ, जिरं, मिरची घालून केलं की तिवळ. एका सालीचा एवढा संसार.

झाडाचं शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. यातल्या गार्सिनियाचा संबंध बरेच जण गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याशी जोडतात, पण हे नाव लॉरां गार्सँ या अठराव्या शतकातल्या निसर्गअभ्यासकाच्या स्मरणार्थ आहे. ऑर्टाला फळ ठाऊक होतं हे मात्र खरं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात भिरंडाचा उल्लेख सापडतो, आणि त्याने लिहिलेलं पोर्तुगीज नाव उघडउघड आपल्या 'भिरंड'वरूनच घडलेलं आहे. मँगोस्टीन हे या झाडाचं भावंड. झाड पश्चिम घाटाच्या पट्ट्यातलं, खाली झुकलेल्या फांद्यांचं, लांबून शंकूसारखं दिसणारं. नर वेगळा, मादी वेगळी. बी रुजवून वाढवलं तर साधारण निम्मी झाडं नर निघतात आणि ते कळायला पहिला बहर येईपर्यंत वाट पाहावी लागते. त्यामुळे कोकणात रातांब्याची बाग अशी क्वचितच लावली गेली. तो परसात, बांधावर, ओढ्याच्या काठी आपला आपण वाढला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये कोकण अमृता आणि २००६ मध्ये कोकण हातीस या जाती दिल्या. कलमं मिळू लागली तेव्हा कुठे लोक खात्रीने मादी झाड लावू शकले. आमच्या परसातली तिन्ही झाडं मात्र जुनी, बियांचीच. त्यातलं एक नर आहे आणि ते तोडायचा विषय काकी कुणाला काढू देत नाही.

रातांबे झाडाखालून वेचायचे, उरलेले आकडीने फांदी हलवून पाडायचे. हिरवट फळ उपयोगाचं नाही. त्यात आंबटपणा असतो पण रंग नसतो. फळं धुऊन, पुसून, सुपात पसरून कोरडी करायची. यातलं 'कोरडी' हे काकी तीनदा सांगते. मग ओटीवर बसून फोडणं. सुरीने आडवा छेद द्यायचा, दोन्ही हातांनी पिळून अर्धं-अर्धं करायचं आणि बियांचा पांढरा गोळा अंगठ्याने बाहेर काढायचा. हाती उरतात दोन लाल वाट्या. तासाभरात नखांच्या कडा जांभळट होतात आणि बोटाला कुठे कापलं असेल तर ते आठवण करून देतं. लोखंडाची विळी आणि अॅल्युमिनियमचं पातेलं या कामाला चालत नाही. आम्ल धातू खातं आणि रस काळवंडतो. स्टीलची सुरी, काचेची नाहीतर चिनी मातीची बरणी आणि लाकडाचा डाव, एवढीच सामग्री.

आता वाट्यांत साखर भरायची. एकेक वाटी काठोकाठ भरून बरणीत बसवायची, थरावर थर, मधल्या फटींतही साखर. वजनाने म्हणाल तर एक किलो सालीला दोन किलो साखर. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला ते फार वाटलं. शहरात राहणाऱ्या माझ्यासारखीला साखर कमी करण्याची सवय लागलेली असते. मी काकीला म्हटलं, "काकी, निम्मी घातली तर?"

"घाल," ती म्हणाली, "आणि चार दिवसांनी फसफसला काय माका बोलव."

ती बोलली ते हिशेबाने बरोबर होतं, जरी तिने हिशेब कधी मांडला नसेल. ताज्या सालीत पाऊणहून जास्त भाग पाणी असतं. एक किलो साल म्हणजे जवळपास ८०० ग्रॅम पाणी. ते सगळं पाणी बाहेर आलं आणि त्यात एक किलो साखर विरली, तर पाकात साखरेचं प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास राहील. हवेत आणि फळाच्या सालीवर असलेल्या यीस्टच्या काही जाती एवढ्या साखरेतही जगतात. बुडबुडे येतात, आंबूस वास सुटतो, फडकं फुगतं. दोन किलो साखर घातली तर प्रमाण सत्तरच्या घरात जायला बघतं. साध्या तापमानाला पाण्यात साखर विरघळण्याची मर्यादाच साधारण ६७ टक्के आहे. म्हणजे पाक संपृक्त होतो, शिवाय थोडी साखर तळाशी उरते. अशा पाकात बहुतेक सूक्ष्मजीवांना वापरता येईल असं मोकळं पाणी फारसं शिल्लक राहत नाही. तळाशी बसलेली ती साखर मला पूर्वी वाया गेल्यासारखी वाटायची. आता ती दिसली की मी निर्धास्त होते.

पाणी बाहेर कसं येतं हे शाळेत शिकलेल्या परासरणाचं प्रात्यक्षिक आहे. पेशीच्या आत पातळ रस, बाहेर कोरडी साखर; पाणी पातळाकडून दाटाकडे ओढलं जातं. साल लवते, सुरकुतते, आणि पेशींच्या भिंती सैल झाल्या की पाण्यामागून रंग आणि आम्लही निघून येतं. ऊन इथे दोन कामं करतं. बरणी कोमट ठेवून ही ओढ वाढवतं, आणि आम्लाच्या संगतीने साखरेचा काही भाग फोडून त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. या फुटलेल्या साखरेमुळे पाकात खडे धरत नाहीत. हलवायांना पाकात लिंबू का पिळावं लागतं याचं कारण हेच. रातांब्याला लिंबाची गरज नाही. त्याच्याजवळ स्वतःचंच आम्ल भरपूर आहे.

हे आम्ल कोणतं, याला एक छोटा इतिहास आहे. गार्सिनियाच्या फळांतलं मुख्य आम्ल टार्टरिक किंवा सायट्रिक असावं असं पूर्वी समजत. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुइस आणि नीलकंठन या संशोधकांनी १९६५ मध्ये मलबारकडच्या भावंड-फळावर काम करून ते हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असल्याचं दाखवलं. कोकमातही तेच मुख्य. पुढे या आम्लाच्या गोळ्या वजन उतरवायचं औषध म्हणून जगभर विकल्या गेल्या. त्या दाव्याला भक्कम आधार मिळालेला नाही, आणि अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मला त्याची चीड येते. उन्हातून आलेल्या माणसाला गार पाण्यातून द्यायची ही वस्तू. तिच्याकडून एवढं एक काम चोख होतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

रंगाबद्दल मात्र मी जरा थांबणार आहे. रातांब्याचा लाल रंग अँथोसायनिन गटातला. जांभळात, करवंदात, जास्वंदीतही हेच कुटुंब. याचा स्वभाव असा की आंबट असेपर्यंत तो लाल. आंबटपणा उतरला की जांभळा, मग निळसर. सोलकढी आगळाहून निराळ्या, जांभळटाकडे झुकणाऱ्या गुलाबी रंगाची दिसते, कारण नारळाच्या दुधाने आम्ल सौम्य होतं. आगळाचं भांडं सोड्याने धुताना मोरीत निळसर-काळं पाणी वाहतं, ते पाहून लहानपणी मला वाटायचं की कुणीतरी शाई सांडली. हा रंग नाजूक आहे. उष्णतेने विटतो, उजेडाने विटतो, वर्षभरात लालाचा विटकरी होतो. उकळून केलेलं कोकम सरबत पहिल्या घोटाला ओळखू येतं: रंग तपकिरीकडे झुकलेला आणि वास शिजलेला. मग तो लालपणा परत आणायला बाटलीत रंग घालावा लागतो. काकीच्या बरण्या उन्हात आठ-दहा दिवसच असतात. रस उतरला की तो गाळून बाटल्या भरल्या जातात आणि माजघरातल्या काळोखात जातात, जिथून त्या गणपतीपर्यंत हलत नाहीत.

या रंगाचा धडा मी माझ्या हाताने केलेल्या नुकसानातून शिकले. शहरातल्या घरी मी एक वर्ष लिंबाचं स्क्वॅश केलं होतं. त्यात टिकण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात; व्यवहारात सगळे त्याला केएमएस म्हणतात. लिटरमागे अर्धा-पाऊण ग्रॅम, म्हणजे चिमूटभर. त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि तो बुरशी-यीस्टला रोखतो. स्क्वॅश सुंदर टिकलं. त्याच वर्षी गावाहून रातांबे आणून मी चार बाटल्या अमृत कोकम केलं आणि अधिक सावधपणा म्हणून त्यातही तीच चिमूट घातली. सकाळी उठून बघते तो बाटल्यांतला लाल रंग उतरून फिकट, मळकट गुलाबी झालेला. सल्फर डायऑक्साइड अँथोसायनिनला चिकटतो आणि त्याचा रंगच घालवतो. जांभूळ, करवंद, कोकम, डाळिंब अशा लाल-जांभळ्या फळांत केएमएस घालायचं नसतं. टिकवायचंच असेल तर सोडियम बेंझोएट वापरतात. हे साधं वाक्य मला तेव्हा माहीत नव्हतं. चव जवळपास तशीच होती, पण त्या वर्षी घरी आलेल्या कुणालाही मी ते सरबत दिलं नाही. मला ते देववलं नाही. आणि मुळात दुप्पट साखरेच्या कोकमाला दोन्हींपैकी कशाचीच गरज नव्हती.

आपल्याकडे कायद्याने या पेयांची वर्गवारी केलेली आहे. १९५५ च्या फळ-उत्पादन आदेशाने ठरवलेली प्रमाणं अजून खाद्यप्रक्रियेच्या पुस्तकांत शिकवतात. फळाचा रस सगळ्यांत किमान २५ टक्के. फरक विरघळलेल्या घन भागाचा, म्हणजे मुख्यतः साखरेचा. कॉर्डियलमध्ये किमान ३०, स्क्वॅशमध्ये ४०, क्रशमध्ये ५५ आणि सिरपमध्ये ६५ टक्के. या मापाने अमृत कोकम सिरपच्या घरात बसतं. कॉर्डियल हा शब्द मुळात लॅटिनमधल्या हृदयवाचक शब्दावरून आला. मध्ययुगीन युरोपात वैद्य हृदयाला बळ देणारी म्हणून जी गोड औषधी पेयं देत ती कॉर्डियल. आजची कितीतरी लिकरं त्यांच्याच वंशातली. आमच्याकडेही कोकम आधी औषधाच्या फळीवर आणि मग पाहुणचाराच्या ट्रेमध्ये आलं असावं असं मला वाटतं. अंगावर पित्त उठलं की आजी सोलं भिजवलेलं पाणी चोळायची आणि तेच थोडं पाजायचीही.

फळ, साखर, बरणी आणि वाट पाहणं, ही रीत जगात इतरत्रही आहे. कातालोनियात हिरवे अक्रोड आणि वनस्पती दारूत घालून बरण्या दिवसा उन्हात, रात्री दवात ठेवतात. चाळीसेक दिवसांनी राताफिया होतो. जपानमधली रीत तर आमच्या इतकी जवळची की मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा काकीला लगेच फोन केला होता. तिथे उमे नावाचं आंबट फळ जूनच्या सुमाराला हिरवं उतरवतात, काड्यांनी देठ काढतात, पुसून कोरडं करतात, आणि बरणीत खडीसाखरेचे थर देतात. दारू ओतली तर ते उमेशू हे लिकर. न ओतता नुसती साखर ठेवली तर काही आठवड्यांत फळ आपलंच पाणी सोडून पाक होतं. त्यांच्या पावसाळ्याला जे नाव आहे त्याची अक्षरं 'उमेचा पाऊस' अशी वाचता येतात. काकीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तेंका ऊन मेळता?"

आमच्या शेजारी गोव्यात तर याच महिन्यांत नेमकी उलटी कला चाललेली असते. काजूची बोंडं चेचून रस काढतात, आणि जो न दाबता आपोआप ठिबकतो त्याला नीरो म्हणतात. तो काही तासांत आंबायला लागतो. त्या आंबण्याचीच तिथे वाट पाहिली जाते; पहिल्या धारेचा उर्राक, पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही. एकाच उन्हात पिकलेली दोन फळं. एकाचा रस यीस्टच्या हवाली करायचा, दुसऱ्याचा यीस्टपासून राखायचा. बोंडाच्या रसात साखर स्वतःची आणि बेताची, म्हणून यीस्टला ते घर. कोकमात आपण बाहेरून इतकी साखर ओततो की त्याला पाय ठेवायलाही जागा उरत नाही.

बरणीच्या बाहेर जे उरतं त्याचंही काहीतरी होतंच. ओटीवर काढलेला बियांचा गोळा मीठ घालून ठेवतात, त्याला आंबट रस सुटतो. सोलं करायची तर सालीला त्या रसाचे पुट द्यायचे: रसात बुडव, उन्हात वाळव, पुन्हा बुडव. चार-पाच वेळा. बाजारात मिळणारं फिकं, कडक आमसूल बहुतेकदा पुट चुकवलेलं असतं. धुतलेल्या बिया वाळवून फोडतात, गर कुटून पाण्यात उकळतात आणि वर आलेली चरबी काढून थंड होताना मुठीत वळतात. म्हणून ते मुठेल. साध्या हवेत ते घट्ट राहतं आणि ४० अंशांच्या आसपास वितळतं. त्यामुळे टाचेच्या भेगेवर चोळलं की अंगाच्या उबेने मऊ होतं आणि जागच्या जागी राहतं. पाक गाळून घेतल्यावर उरलेल्या साखरसालीही कुणी टाकत नाही. त्या सुपात पसरून वाळवल्या की चिवट, आंबटगोड होतात. या सालींची मोजदाद काकी मुद्दाम ठेवत नाही, कारण घरात मुलं असतात.

आज महामार्गाच्या कडेला कोकम सरबताच्या बाटल्यांच्या रांगा दिसतात. गावोगावच्या बचत गटांतल्या बायकांनी या फळाला रोकड पैसा मिळवून दिला, त्याचा मला मनापासून आनंद आहे. मोठ्या प्रमाणावर काम करताना उन्हावर विसंबता येत नाही हेही मी जाणते. वळवाची एक सर शंभर बरण्या बिघडवू शकते. माझी एकच मागणी आहे. बाटलीवर उकळलेलं की उन्हात उतरवलेलं एवढं लिहावं, आणि रंग वरून घातला असेल तर तो ठळक अक्षरांत सांगावा. दोन्ही विकलं जाईल. पण ज्यांनी आठ दिवस बरण्या उचलून आत-बाहेर केल्या त्यांच्या कामाला वेगळं नाव मिळेल आणि वेगळा भावही.

हे उचलणं सोपं नसतं. दुपारी ढग आले की घरात जो असेल तो धावतो. रात्री बरण्या आत, सकाळी बाहेर. रोज एकदा कोरड्या डावाने तळची साखर वर आणायची. ओला डाव गेला की वरच्या थरात पाणी साचतं आणि तिथेच बुरशी धरते. मिरगाच्या आधी सगळं आवरलं पाहिजे. यंदा शेवटची बरणी काढली तेव्हा समुद्राकडून वारा फिरला होता आणि माडांचे शेंडे एका बाजूला झुकले होते. काकीने पातळ मलमल ताणून धरली, मी बरणी हळूहळू कलती केली. पिळायचं नाही, आपोआप गळू द्यायचं. गाळलेल्या पाकात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चवीपुरतं मीठ पडलं. उकळून, उन्हात कडकडीत वाळवलेल्या बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या. नऊ झाल्या, दहावी अर्धी.

रिकाम्या बरणीच्या आतल्या अंगाला अजून पाक चिकटलेला होता, तळाशी न विरघळलेली साखर. काकीने तिच्यात विहिरीचं पाणी ओतलं, फडकं बांधून दोन्ही हातांनी गरगर फिरवलं. वर्षाचं पहिलं सरबत आमच्याकडे असंच होतं, बरणी विसळून. ते पाहुण्यांना नाही. ज्यांनी रातांबे वेचले, फोडले, बरण्या उचलल्या त्यांचं. ओटीवर सात पेले मांडले गेले. शेजारची मुलगी दोन दिवसच फोडायला आली होती, ती मागे उभी राहिली. काकीने आठवा पेला काढला.

"घे गो बाय," ती म्हणाली, "पाऊस इलो."